हमीच्या मुदतीत बिघडलेला पॉवर टिलर आणि विक्रेत्याचा नकार

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातखाचरांत चिखलणीसाठी पॉवर टिलर वापरला जातो. राबातील रोपे आवणीला आली, पाऊस लागला आणि नेमक्या त्याच दिवसांत गीअरपेटीतून आवाज येऊन टिलर थांबला, तर रोपे काही थांबत नाहीत. यंत्र हमीच्या मुदतीत असते. तथापि “आत पाणी गेले, ही तुमची हयगय, हमीत बसत नाही” असे तोंडी सांगून विक्रेता दुरुस्तीचे पैसे मागतो. निकडीपोटी शेतकरी ते देतो आणि पुढे भांडावयास त्याच्या हाती कागद म्हणून काहीच उरत नाही.

म्हणून नकार लेखी मागावा. विक्रेता तो देत नसेल, तर त्याने सांगितलेले कारण आपणच पत्रात लिहावे आणि ते पत्र विक्रेता व कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हे पत्र लिहिण्यास साहाय्य केले, तर निम्मे काम होते.

पाणी गेले हे कारण पडताळून पाहण्याजोगे आहे. गीअरपेटीतील ऑइल दुधाळ झाले असेल, तर पाणी आत शिरले हे खरे. परंतु ते का शिरले, हा खरा प्रश्न होय. ऑइल सील झिजली, की मुळातच सदोष वा चुकीची बसविलेली होती? रबरी भाग, पट्टे व गाळण्या पुष्कळ हमीपत्रांत वगळलेल्या असतात, हे आधी वाचून घ्यावे. तथापि चिखलातच चालण्यासाठी विकलेले यंत्र थोड्या तासांत चिखलानेच बिघडले, तर त्याचा खुलासा विक्रेत्याकडे मागणे रास्त आहे. गावच्या मिस्त्रीकडून पेटी उघडवू नये. नंतर दोष त्याच्याच माथी मारला जातो. ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग केल्याच्या पावत्या येथे फार उपयोगी पडतात.

हंगाम टळत असेल, तर दुरुस्ती अवश्य करून घ्यावी; मात्र “हक्क राखून रक्कम देत आहे” असे बिलावर लिहावे, छायाचित्रे काढावीत आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे तडजोड न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जावे. यंत्र नाशिकहून वा पुण्याहून घेतलेले असले, तरी आपण राहतो त्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. यंत्राची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. “टिलर भाड्यानेही चालविता, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे” असा बचाव कधी कधी घेतला जातो. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूची मानीत नाही, हे त्यावर उत्तर.

तक्रारीत विक्रेता व कंपनी दोघांनाही सामील करावे, परंतु कोणाचा दोष काय, हे वेगवेगळे लिहावे. गोव्यातील एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विक्रेत्याच्या कृत्याबद्दल कंपनीस जबाबदार धरले नाही. तिला त्याची माहिती होती, असे तक्रारीत दाखविलेले नव्हते. निर्मितीतच दोष असल्याचे म्हणणे असेल, तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडावा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. विक्रेता “पुढच्या आठवड्यात पाहू” म्हणत राहिला, तरी हे दिवस मोजले जातातच.