समुद्रावरील वीजघर

रशियाच्या अगदी ईशान्य टोकास, आर्क्टिक महासागराच्या काठी, पेवेक नावाचे एक चिमुकले बंदर आहे. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. समुद्र गोठून जातो. अशा गावी वीजघर बंद पडले, तर केवळ दिवे विझतात असे नव्हे. घरे उबदार ठेवणारे गरम पाणीही थांबते आणि माणसांच्या जिवावर बेतते.

या भागाला वीज पुरविणारे बिलिबिनो येथील अणुवीजकेंद्र १९७४ सालापासून चालत होते. ते आता जुने झाले होते. पण गोठलेल्या जमिनीवर, इतक्या दूर नवे वीजघर उभारावे कसे? तेव्हा रशियन तज्ज्ञांनी एक नामी तोड काढली. वीजघर जहाजांच्या कारखान्यात बांधावे आणि तयार झाल्यावर समुद्रातून ओढीत न्यावे!

या तरंगत्या वीजघराचे नाव ‘अकादेमिक लोमोनोसोव’. त्याची लांबी १४४ मीटर व रुंदी ३० मीटर आहे. मात्र स्वतः चालण्याचे यंत्र त्यात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या जहाजांनी ते मुर्मान्स्क बंदरातून ओढीत नेले. सुमारे ५,००० किलोमीटरांचा प्रवास करून ते सप्टेंबरात पेवेकला पोहोचले आणि डिसेंबरात त्याची वीज गावात खेळू लागली.

त्याच्या पोटात दोन अणुभट्ट्या आहेत. भट्टी म्हटली, तरी तिच्यात जाळ नसतो. युरेनियमच्या अणूचे केंद्र फुटले की उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते व वीज निर्माण होते. येथील प्रत्येक भट्टी ३५ मेगावॉट वीज देते. मोठ्या भट्ट्या १,००० मेगावॉट किंवा त्याहूनही अधिक वीज देतात. साधारणपणे ३०० मेगावॉटपर्यंतच्या भट्टीस लहान म्हणण्याचा प्रघात आहे. बर्फ फोडीत जाणारे ‘लेनिन’ हे जहाज १९५९ सालीच अणुशक्तीवर चालू लागले होते. पेवेकच्या भट्ट्या त्याच कुळातल्या आहेत.

मग सगळीकडे लहान भट्ट्याच का बांधीत नाहीत? येथेच खरी मेख आहे. भट्टी लहान झाली म्हणून तिचे पहारेकरी, तंत्रज्ञ आणि तपासणी त्याच प्रमाणात कमी होत नाहीत. त्यामुळे एकटी लहान भट्टी महाग पडते. तिचा खर्च उतरावयाचा, तर कारखान्यात एकसारख्या पुष्कळ भट्ट्या तयार झाल्या पाहिजेत. पहिला आकाशकंदील करताना सारी संध्याकाळ जाते. पाचव्याला हात बसलेला असतो, तसेच हे आहे. परंतु पहिल्या कंदिलाचा खर्च सोसावयाचा कोणी? लोमोनोसोवचे काम २००७ साली सुरू झाले होते. म्हणजे वीज मिळावयास बारा वर्षे लागली. अमेरिकेत आयडाहो येथे सहा लहान भट्ट्यांचे केंद्र व्हावयाचे होते. शेजारच्या यूटा राज्यातील अनेक गावे त्यासाठी एकत्र आली होती. पण वीज ठरल्यापेक्षा फारच महाग पडणार, असे दिसू लागले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. शिवाय वापरलेले इंधन दीर्घकाळ धोकादायक राहते, आणि लहान भट्टीही त्यातून सुटत नाही.

तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत. चीनमध्ये शिदाओ उपसागराच्या काठी दोन लहान भट्ट्यांचे केंद्र डिसेंबर २०२३ पासून रीतसर वीज देऊ लागले. त्यांत उष्णता वाहून नेण्यास पाण्याऐवजी हेलियम वायू वापरतात. भारत सरकारने २०२५ च्या अंदाजपत्रकात लहान भट्ट्यांच्या कार्यासाठी २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २०३३ पर्यंत स्वदेशी बनावटीच्या निदान पाच भट्ट्या चालू व्हाव्यात, असा तिचा संकल्प आहे. त्यांपैकी २०० मेगावॉटच्या भट्टीचा आराखडा मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आखला जात आहे.