लॅपटॉपवर चालतं, बोर्डवर पडतं: अलाइनमेंटचा घोळ

आज थेट लिनक्स कर्नलमध्ये उतरायचंय. विषय आहे मिसअलाइन्ड मेमरी अ‍ॅक्सेस. अ‍ॅपमध्ये गडबड झाली तर अ‍ॅप बंद पडतं, आपण ते परत उघडतो. कर्नलमध्ये तीच गडबड झाली तर अख्खं मशीन बसू शकतं. वर वैताग असा, की तोच कोड लॅपटॉपवर महिनोन्‌महिने मस्त चालतो.

अलाइनमेंट म्हणजे काय? चार बाइटचा आकडा वाचायचा, तर त्याचा पत्ता साधारणपणे चारने भागला जायला हवा. गणिताची चौकटीची वही आठवा. एका नजरेत चार चौकटी दिसतात असं धरा: ० ते ३, मग ४ ते ७. आकडा २ नंबरच्या चौकटीपासून सुरू झाला, तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे!

इंटेल-एएमडीचे प्रोसेसर बहुतेक वेळा हे गुपचूप सांभाळून घेतात. काही प्रोसेसर मात्र एक्सेप्शन फेकतात. कर्नलने ते पकडून सावरलं तर काम होतं, पण फार सावकाश. नाही सावरलं तर क्रॅश. जुन्या एआरएमव्ही५ वर तपासणी बंद असेल तर त्याहून वाईट: क्रॅश नाहीच, बाइट फिरवलेला चुकीचा आकडा हातात येतो.

आता खरं उदाहरण घेऊ, नेटवर्क ड्रायव्हरचं. इथरनेटचा हेडर १४ बाइटचा. त्यामागे आयपी हेडर, आणि त्यात १२ बाइट पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता. १४ अधिक १२, म्हणजे २६. चारने भागा बरं? नाही जात! म्हणून लिनक्समध्ये बफरच्या सुरुवातीला २ बाइट मोकळे सोडायची सोय आहे, नाव ‘नेट आयपी अलाइन’. २६ चे २८ झाले, प्रश्न मिटला. एक्स८६ वर ही किंमत शून्य ठेवलीये, कारण तिथे त्याची गरजच नाही.

मग असा क्रॅश आला तर काय करायचं?

पहिलं, लॉगमधला फॉल्टचा पत्ता बघा. चार बाइटचं वाचन असेल तर पत्त्याचा शेवटचा हेक्स अंक ०, ४, ८ किंवा सी हवा. दुसरं काही दिसलं, की संशय पक्का. मग प्रोग्रॅम काउंटरवरून सोर्समधली ओळ शोधा. तिथे बहुतेकदा एक कास्ट सापडेल: बाइटच्या पॉइंटरला जबरदस्तीने ३२ बिटचा पॉइंटर बनवलेला.

दुसरं, दुरुस्ती. डेटाची जागा आपल्या हातात असेल तर जागाच नीट करा. नसेल तर ‘गेट अनअलाइन्ड’ आणि ‘पुट अनअलाइन्ड’ वापरा. ज्या प्रोसेसरला जसं झेपेल तसा कोड कंपायलर बनवतो. नेटवर्कच्या बाइट क्रमासाठी यांचे बिग एंडियन भाऊबंदही आहेत.

तिसरं, ‘पॅक्ड’ स्ट्रक्चरवर डोळे मिटून विसंबू नका. त्यातल्या एखाद्या फील्डचा पॉइंटर काढून दुसऱ्या फंक्शनला दिलात, की ‘हे अलाइन्ड नाही’ ही माहिती वाटेतच हरवते.

कुणी म्हणेल, नवीन एआरएमला तर हे सगळं चालतं! अर्धंच खरं. ३२ बिटच्या एआरएमव्ही७ वर साधं वाचन चालतं, पण एकदम अनेक शब्द उचलणाऱ्या ‘एलडीएम’सारख्या सूचना तिथेही अडतात. आणि शेजारची दोन वाचनं जोडून अशी सूचना काढायची मुभा कंपायलरला आहे. म्हणजे कोडची एक ओळ न बदलता, फक्त कंपायलर बदलल्यावरही क्रॅश येऊ शकतो. ६४ बिटच्या एआरएमवर साधी मेमरी ठीक, पण डिव्हाइस मेमरीवर वाकडा पत्ता दिला की फॉल्ट ठरलेला.

म्हणून टेस्टिंगच्या बिल्डमध्ये यूबीसॅनची अलाइनमेंट तपासणी चालू करा. ‘माझ्याकडे तर चालतंय’ एवढ्यावर पॅच पाठवू नका. तो कोड उद्या कुठल्या बोर्डवर चढेल, कुणाला ठाऊक!

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!