चेहरा ओळख आणि तोतया चेहऱ्याचा शोध

चेहरा ओळख ही संगणकीय दृष्टी या शाखेतील एक पद्धत असून तिच्यात छायाचित्रातील किंवा चलचित्रातील चेहऱ्यावरून व्यक्तीची ओळख पटवली जाते. तोतया चेहऱ्याचा शोध, अर्थात जिवंतपणाची तपासणी, ही तिची पूरक पद्धत होय. कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे, की त्याचे छायाचित्र, चित्रफीत वा मुखवटा आहे, हे ती ठरवते. पहिली पद्धत 'हा चेहरा कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर देते. दुसरी 'ही व्यक्ती आत्ता येथे उपस्थित आहे काय?' या प्रश्नाचे.

हे दोन प्रश्न वेगळे मानणे आवश्यक असते, कारण चेहरा ही गुप्त वस्तू नव्हे. परवलीचा शब्द लपवता येतो. चेहरा मात्र समाजमाध्यमांवर, ओळखपत्रावर आणि रस्त्यावरील प्रत्येक कॅमेऱ्यात उघडाच असतो. परवलीचा शब्द फुटल्यास बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. त्यामुळे चेहऱ्यावर आधारलेल्या व्यवस्थेची सुरक्षितता चेहरा जुळण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तो जिवंत असल्याची खात्री करण्यावर अवलंबून असते.

संज्ञा

दुसऱ्याचे रूप घेऊन वावरणाऱ्यास मराठीत 'तोतया' म्हणतात. पानिपतच्या युद्धात (१७६१) सदाशिवरावभाऊ मारले गेल्यानंतर स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा एक इसम पुढे आला. चौकशीत तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे ठरले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. भाऊसाहेबांच्या तोतयाचे हे प्रकरण मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. संगणकशास्त्रात याच प्रकारच्या फसवणुकीला, म्हणजे कॅमेऱ्यापुढे खोटा चेहरा धरण्याला, 'प्रस्तुती हल्ला' अशी संज्ञा आहे. त्याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ/आयईसी ३०१०७ या क्रमांकाचे आहे.

चेहरा ओळखण्याचे टप्पे

चेहरा ओळख सामान्यतः चार टप्प्यांत होते. प्रथम चित्रात चेहरा कोठे आहे हे शोधले जाते. नंतर डोळे, नाक व ओठ यांच्या स्थानांवरून चेहरा सरळ व ठरावीक आकाराचा केला जातो. तिसऱ्या टप्प्यात त्याचे रूपांतर संख्यांच्या एका मालिकेत होते. एकाच व्यक्तीच्या दोन छायाचित्रांच्या मालिका एकमेकींच्या जवळ आणि दोन भिन्न व्यक्तींच्या मालिका दूर असाव्यात, अशा रीतीने संगणकाला शिकवलेले असते. शेवटी दोन मालिकांतील अंतर मोजले जाते. ते ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी असल्यास चेहरा जुळला असे मानतात.

तुलना दोन प्रकारची असते. व्यक्ती स्वतःचे नाव किंवा क्रमांक सांगते आणि संगणक केवळ त्या एका नोंदीशी चेहरा ताडून पाहतो, तेव्हा तिला पडताळणी म्हणतात. नाव ठाऊक नसलेला चेहरा हजारो किंवा लाखो नोंदींमध्ये शोधला जातो, तेव्हा तो शोध होय. शोधात तुलनांची संख्या मोठी असल्याने चुकीच्या जुळणीची शक्यताही वाढते.

इतिहास

संगणकाद्वारे चेहरा ओळखण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी सुरू केले. त्यात चेहऱ्यावरील बिंदू माणसाला हाताने नोंदवावे लागत. १९७३ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठात ताकेओ कानादे यांनी हे काम संगणकाकडून करून घेतले. १९९१ मध्ये मॅथ्यू टर्क व ॲलेक्स पेंटलँड यांनी 'आयगेनफेस' ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक चेहरा हा काही मूलभूत चेहऱ्यांचे मिश्रण मानला जातो. २००१ मध्ये पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी चित्रातील चेहरा अतिशय जलद शोधणारी रीत दिली. पुढे कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये चेहऱ्याभोवती दिसणाऱ्या चौकटीमागे ही रीत होती.

२०१४ नंतर खोल न्यूरल नेटवर्कमुळे अचूकतेत मोठी वाढ झाली. ५,७४९ व्यक्तींच्या १३,२३३ छायाचित्रांच्या एका प्रसिद्ध संग्रहावर फेसबुकच्या 'डीपफेस'ने २०१४ मध्ये ९७.३५ टक्के, तर गूगलच्या 'फेसनेट'ने २०१५ मध्ये ९९.६३ टक्के अचूकता गाठली. फेसनेट प्रत्येक चेहरा १२८ संख्यांत मांडते. मात्र या चाचण्यांत सर्व छायाचित्रे खऱ्या माणसांची असतात. कागदावर छापलेला चेहरा अशा प्रणालीपुढे धरल्यास तीही तो बिनचूक ओळखते, आणि नेमकी तेथेच तिची फसगत होते.

तोतयेगिरीचे प्रकार

छापील चित्र: दुसऱ्या व्यक्तीचे छायाचित्र कागदावर छापून कॅमेऱ्यापुढे धरणे. डोळ्यांच्या जागी छिद्रे पाडून मागून स्वतःचे डोळे मिचकावण्याचा प्रकारही आढळतो.

पडद्यावरील चित्र: मोबाइल किंवा टॅब्लेटच्या पडद्यावर चित्रफीत दाखवणे. यात हालचाल असल्यामुळे साधी तपासणी फसू शकते.

मुखवटा: कागद, राळ किंवा सिलिकॉन यांचा त्रिमितीय मुखवटा वापरणे. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीसारख्या चित्रीकरणस्थळी रंगभूषाकार ज्या प्रकारच्या कृत्रिम त्वचेने नटाचे वय किंवा रूप पालटतात, त्याच प्रकारची सामग्री येथे वापरली जाते. असा मुखवटा खर्चिक असतो, पण ओळखण्यास अवघड असतो.

चित्रप्रवाहात शिरकाव: कॅमेऱ्यापुढे काहीही न धरता, कॅमेरा व ॲप यांच्यामध्ये बनावट चित्रफीत थेट घुसवणे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या 'डीपफेक' चित्रफितींमुळे हा प्रकार सोपा झाला आहे. अशा चित्रफितींचा परिचय महाराष्ट्रातील सामान्य लोकांना जाहिरातींतून झाला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करत असल्याचे दाखवणारी चित्रफीत पसरली. ती बनावट असल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले.

शोधाच्या पद्धती

पोताची तपासणी: छापील कागदाचे तंतू, शाईचे ठिपके, पडद्याच्या पिक्सेलमुळे उमटणारे तरंग आणि चकाकी यांमुळे खोट्या चेहऱ्याचा पोत त्वचेहून निराळा असतो. फिनलंडमधील औलू विद्यापीठात विकसित झालेली 'स्थानिक द्विमान नमुना' ही पद्धत प्रत्येक पिक्सेलची शेजारच्या पिक्सेलांशी तुलना करून हा फरक टिपते.

हालचालीची तपासणी: जिवंत माणसाच्या पापण्या मिटतात आणि मान वळताच नाक व कान यांची जागा वेगवेगळ्या प्रमाणात सरकते. सपाट कागद हलवल्यास सर्व बिंदू एकत्र सरकतात.

आव्हान व प्रतिसाद: 'डावीकडे पाहा', 'डोळे मिटा' अशा सूचना आयत्या वेळी दिल्या जातात. त्यांचा क्रम दर वेळी बदलल्यास आधी तयार केलेली चित्रफीत निरुपयोगी ठरते.

नाडीची तपासणी: हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेतील रक्ताचे प्रमाण बदलते आणि तिच्या रंगात डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म फरक पडतो. चित्रफितीतून तो मोजता येतो. जाड मुखवट्यातून हा फरक दिसत नाही. मात्र मंद प्रकाशात ही पद्धत नीट चालत नाही.

खोलीची तपासणी: चेहऱ्याला उंचसखलपणा असतो, पडद्याला नसतो. २०१७ मध्ये ॲपलने आणलेल्या 'फेस आयडी'मध्ये चेहऱ्यावर ३०,००० हून अधिक अवरक्त ठिपके टाकून ही खोली मोजली जाते. साध्या मोबाइलमध्ये अशी सोय नसल्याने एकाच चित्रावरून खोलीचा अंदाज करण्यास न्यूरल नेटवर्कला शिकवले जाते.

एका प्रकारच्या कॅमेऱ्यावर व प्रकाशात शिकवलेली प्रणाली दुसऱ्या ठिकाणी कमी पडते, ही या क्षेत्रातील मोठी अडचण आहे. ती मोजता यावी म्हणून संशोधक निरनिराळे संग्रह वापरतात. स्वित्झर्लंडमधील इडियाप संस्थेचा 'रिप्ले-अटॅक' (२०१२) हा संग्रह ५० व्यक्तींचा आहे, तर 'औलू-एनपीयू' (२०१७) या संग्रहात ५५ व्यक्तींच्या, सहा मोबाइलवर चित्रित केलेल्या ४,९५० चित्रफिती आहेत.

मोजमाप

जिवंतपणाच्या तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. खोटा चेहरा खरा मानला जाणे ही पहिली. तिच्या प्रमाणाला 'एपीसीईआर' म्हणतात. खरा माणूस खोटा ठरवला जाणे ही दुसरी. तिच्या प्रमाणाला 'बीपीसीईआर' म्हणतात. तपासणी कडक केल्यास पहिली चूक घटते व दुसरी वाढते. सैल केल्यास उलट घडते. दुसऱ्या चुकीचे प्रमाण एक टक्का आहे असे धरले, तर एक लाख खऱ्या माणसांपैकी एक हजार जण परत पाठवले जातील. म्हणून एखाद्या प्रणालीची अचूकता एकाच टक्केवारीत सांगणे अपुरे असते. तिच्या चुकांचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रातील वापर

आधार आणि हयातीचा दाखला: देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. आधारसाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी, बहुतांशी नोव्हेंबरमध्ये, हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो संगणकीय पद्धतीने देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली. तीत प्रारंभी बोटांचे ठसे किंवा बुबुळे वापरली जात. वार्धक्याने व कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसे जुळत नाहीत. या अडचणीवर उपाय म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून पडताळणीची सोय करण्यात आली.

या सोयीमुळे, उदाहरणार्थ, गोरेगावातील निवृत्त शिक्षिकेला बँकेत न जाता घरातील मोबाइलवरून दाखला देता येतो. ॲप तिला चेहरा चौकटीत धरून पापण्या मिटण्यास सांगते. जिवंतपणाची खात्री झाल्यावर चेहरा आधारच्या नोंदीतील छायाचित्राशी जुळवला जातो. येथे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारले जातात. चेहरा जुळला, पण जिवंतपणाची खात्री झाली नाही, तर दाखला मिळत नाही. आणि हयातीच्या दाखल्याचा हेतूच तो माणूस हयात आहे हे पाहण्याचा असल्याने, या ठिकाणी दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मूलभूत ठरतो.

बँका: मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये चलचित्राद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्यास, म्हणजे 'व्हिडिओ केवायसी'ला, परवानगी दिली. मे २०२१ मधील सुधारित नियमांनुसार या प्रणालीत जिवंतपणाची व तोतयेगिरीची तपासणी असणे बंधनकारक आहे. संवाद आधी चित्रित केलेला नाही हे कळावे म्हणून प्रश्नांचा क्रम वा प्रकार बदलत राहावा, असेही नियमात म्हटले आहे. यंत्राने काहीही सांगितले तरी ग्राहकाच्या ओळखीची अंतिम जबाबदारी बँकेवरच राहते.

विमानतळ आणि पोलीस: चेहऱ्यावरून प्रवेश देणारी 'डिजियात्रा' ही व्यवस्था २०२३ मध्ये पुणे व मुंबई येथील विमानतळांवर सुरू झाली. महाराष्ट्र पोलिसांच्या 'अँबिस' या प्रणालीत बोटांचे व तळहातांचे ठसे, बुबुळे आणि चेहरे यांच्या नोंदी एकत्र शोधता येतात. डिजियात्रेतील तुलना प्रवाशाच्या संमतीने होणारी पडताळणी असते, तर पोलिसांकडील तुलना हा प्रामुख्याने शोध असतो.

रोजगार हमी: महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत मजुरांची हजेरी कामाच्या जागेवरील छायाचित्रांसह ॲपवर नोंदवण्याची पद्धत होती. प्रत्यक्ष मजुरांऐवजी जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात असल्याचे केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात नमूद केले. जिवंतपणाची तपासणी नसेल, तर छायाचित्र हा उपस्थितीचा पुरावा ठरू शकत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मर्यादा

सर्व गटांतील चेहरे सारख्याच अचूकतेने ओळखले जात नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदमांची तपासणी प्रसिद्ध केली. अनेक अल्गोरिदमांत चुकीच्या जुळणीचे प्रमाण वंश, लिंग व वय यांनुसार बदलते, असे तीत आढळले. वृद्ध व लहान मुले यांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते. जुळी भावंडे हीदेखील जुनी अडचण आहे.

जिवंतपणाच्या तपासणीची अडचण निराळी आहे. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या व्यक्तीला सूचनेबरहुकूम पापण्या मिटता येतीलच असे नाही. कंपवात असल्यास चेहरा चौकटीत स्थिर राहत नाही. अंधाऱ्या खोलीत साध्या मोबाइलचा कॅमेरा त्वचेचा पोत टिपू शकत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीशी आजचा चेहरा जुळेलच असेही नाही. ज्यांच्यासाठी घरबसल्या दाखला मिळणे सर्वाधिक गरजेचे, त्यांनाच यंत्र नाकारण्याची शक्यता अधिक असते. या कारणास्तव बोटांचे ठसे, बुबुळे, टपाल कर्मचाऱ्याची घरभेट किंवा बँकेत प्रत्यक्ष हजेरी हे पर्याय खुले ठेवणे आवश्यक ठरते.

कायदा

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा काही तरतुदी वगळून वैध ठरवण्यात आला. बोटांचे ठसे किंवा चेहरा जुळला नाही, एवढ्यावरून पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाऊ नये, ही बाब त्या खटल्यात चर्चिली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. चेहऱ्याचे ओळख पटवणारे छायाचित्र ही वैयक्तिक विदा असल्याने, ती डिजिटल स्वरूपात गोळा करणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होतो. शासकीय यंत्रणांना मात्र त्यात काही सवलती आहेत.