अर्ध्या सेकंदाचा हिशेब

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी वेल्डिंग मशीनची कंट्रोल कार्डं बनवायचो. कार्डावर असायची ८०५१ ही चिप. इंटेलने १९८० साली आणलेली. आत डेटा ठेवायला जागा अवघी १२८ बाइट! क्लॅम्पने पत्रा पकडायचा, अर्धा सेकंद थांबायचं आणि मगच करंट सोडायचा, एवढंच तिचं काम.

हा अर्धा सेकंद आम्ही वहीत मोजायचो. असेंब्ली भाषेत साधारणपणे एक ओळ म्हणजे चिपला दिलेली एक आज्ञा. ‘आकडा एकने कमी कर, शून्य होईपर्यंत परत ये’ या आज्ञेला १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर दोन मायक्रोसेकंद लागतात. ती २५० वेळा फिरवली की अर्धा मिलिसेकंद. हेच हजारदा केलं की अर्धा सेकंद. चिप सांगकामी, पदरचं काही घालत नाही.

पण सोळा बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करायची तर तिथे सहा ओळी लागतात. शिवाय चिपचं घराणं बदललं की सगळं पुन्हा लिहा. आमच्यावर तीच वेळ आली आणि आम्ही ‘सी’कडे वळलो. ही भाषा बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांची. आधी असेंब्लीत असलेली युनिक्स प्रणाली १९७३ साली सीमध्ये नव्याने लिहिली गेली. सीमध्ये ती बेरीज एका ओळीत होते, आणि तरीही मेमरीच्या नेमक्या पत्त्यावर हात घालता येतो. फक्त चिपला कोणत्या आज्ञा द्यायच्या, हे कंपायलर ठरवतो. मेख इथेच आहे.

मी सीमध्येही तशीच रिकामी फेरी लिहिली. यातून निष्पन्न काही होत नाही, असं पाहून कंपायलरने ती चक्क काढून टाकली! त्याचं चुकलंही नव्हतं. काय करायचं ते सीमध्ये सांगता येतं. त्याला किती वेळ लागावा, हे नाही. नशिबाने टेबलावर मशीनऐवजी दोन दिवे जोडले होते. ते एकदमच लागले. पत्रा नीट दाबला जाण्याआधी करंट सुटला, तर वितळलेल्या धातूचे शिंतोडे उडतात, आणि समोर ऑपरेटर असतो. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे थांबण्याचं काम चिपमधल्या टायमरकडे सोपवलं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि दुचाकीतही पेट्रोल किती फवारायचं हे चिप ठरवू लागली. मोटारींमधल्या सीसाठी ‘मिस्रा’ ही नियमावली १९९८ सालीच निघाली होती. असेंब्ली आता उरली आहे ती मुख्यतः चिप जागी होतानाच्या पहिल्या काही ओळींत. तरी नवी मुलं आली की कंपायलरने काढलेली असेंब्ली मी त्यांना एकदा तरी ओळीने वाचायला लावतो. कुरकुरतात, पण वाचतात.