शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपण म्हणतों. परंतु ती परीक्षा खरी कां ठरते, याचा विचार क्वचितच करतों. भांड्यांतील साऱ्या शितांस आंच सारखी लागलेली असते, म्हणून एका शितानें काम भागतें. शेताची गोष्ट निराळी. आमच्या ढोकीच्या बाजूस एकीकडे काळी जमीन, तर थोड्याच अंतरावर मुरूम. मग साऱ्या शिवाराचें उत्पन्न कोणत्या कणसावरून ठरवावें?

पूर्वी अंमलदार उभें पीक नजरेनें पाहून आणेवारी ठरवीत. नजर कितीही अनुभवी असली तरी ती तराजूची जागा घेऊं शकत नाहीं. हा दोष दूर करण्याच्या कामीं डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं मोठा वांटा उचलला. त्यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. लंडन येथें संख्याशास्त्राचें अध्ययन करून आल्यावर त्यांनीं कृषि संशोधन परिषदेंत पिकांच्या कापणी प्रयोगांची पद्धति रुजविली.

या पद्धतींत प्रथम गांवें, मग शेतें, आणि शेवटीं शेतांतील तुकडा, हीं सर्व चिठ्ठ्या टाकाव्यात तशीं निव्वळ योगायोगानें निवडतात. तेवढाच तुकडा कापून, मळून, धान्य तोलतात. निवड माणसाच्या मर्जीवर सोडली, तर पाय आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. योगायोगास मर्जी नसते. शिवाय अशा निवडींत चूक किती संभवते, याचेंही गणित मांडतां येतें.

तुकडा केवढा असावा, यावर त्या काळीं मोठा वाद झाला. प्रा. महालनोबिस यांनीं बंगालमध्यें लहान तुकडे घेतले. त्यांत श्रम कमी. सुखात्मे यांनीं दाखविलें कीं, लहान तुकड्यांवरून उत्पन्न फाजील दिसतें. सीमेवरचें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणारा तें बहुधा आंत धरतो. आतां हिशेब पाहा. १ मीटर बाजूच्या चौरसास दर चौरस मीटरामागें ४ मीटर सीमा असते. १० मीटर बाजूच्या चौरसास ती अवघी ४० सेंटिमीटर. लहान तुकडे हजार घेतले तरी ही चूक फिटत नाहीं, कारण सर्व चुका एकाच बाजूस झुकतात.

विद्यार्थिमित्रहो, हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत महसूल मंडळाचें सरासरी उत्पन्न ठरविण्यास हेच कापणी प्रयोग मुख्य आधार आहेत. तें उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखालीं गेलें तर भरपाई मिळते. अवर्षणाच्या सालीं दोरीबाहेरचीं चार ताटें आंत आलीं, तर कागदावर पीक वाढतें आणि साऱ्या मंडळांतील कुटुंबांच्या पदरचा घांस जातो. दोरी उलट ओढली, तर तेंही असत्यच.

म्हणून गांवांत कापणी प्रयोग असेल त्या दिवशीं पालकांनीं मुलांसह तेथें जावें. दोरी ताठ आहे काय, तराजू शून्यावर आहे काय, हें पाहावें. आणि आंकडा आपल्यास रुचो वा न रुचो, तो खरा लिहिला जावा एवढाच आग्रह धरावा.