आर्केडच्या बटणाची निवड

घरी बनवलेल्या आर्केड नियंत्रकात, म्हणजे संगणकावरचे किंवा टीव्हीवरचे खेळ दांडी आणि बटणांनी खेळण्यासाठी तयार केलेल्या पेटीत, किमतीने सर्वांत किरकोळ भाग बटण हाच असला, तरी खेळणाऱ्याच्या बोटांचा संबंध दांडीखेरीज फक्त त्याच्याशीच येतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील हौशी मंडळी सर्किट बोर्ड घेताना चार ठिकाणी चौकशी करतात आणि बटणे मात्र बहुधा रंग व भाव पाहून उचलतात. हा क्रम उलटा असायला हवा.

अशा पेट्यांमागची प्रेरणा पुष्कळदा १९९० च्या दशकातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असते. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ भारतात त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला, आणि त्याला प्रत्येक खेळाडूमागे मारणे व उडी मारणे अशी दोनच बटणे पुरत. त्याच कंपनीच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ला मात्र तीन ठोशांची व तीन लाथांची मिळून सहा लागत. फळीला भोके पाडण्याआधी कोणते खेळ खेळायचे आहेत हे ठरवणे म्हणूनच आवश्यक असते, आणि निर्णय होत नसेल तर सहा बटणे व ‘स्टार्ट’ आणि ‘कॉइन’ची दोन वेगळी बटणे ही मांडणी बहुतेक जुन्या खेळांना पुरेशी ठरते.

आर्केडच्या बहुतेक बटणांच्या पोटात मायक्रोस्विच असतो. साध्या स्विचमध्ये बोट जितक्या हळू खाली जाईल तितक्याच हळू धातूचे दोन तुकडे एकमेकांजवळ येतात, आणि त्या अर्धवट अवस्थेत विद्युतप्रवाह कधी जुळतो तर कधी तुटतो. मायक्रोस्विचमध्ये ताणलेली एक पातळ पट्टी असते. बटण ठरावीक बिंदूपर्यंत दाबले गेले की ती पट्टी झटक्यात दुसऱ्या बाजूला उलटते, आणि बोटाचा वेग काहीही असला तरी जोडणी एकाच वेगाने होते. ओळखीचा ‘टिक’ असा आवाज त्या उलटण्याचाच असतो. पट्टी परत येण्याचा बिंदू दाबण्याच्या बिंदूपेक्षा थोडा वर असल्यामुळे बोट किंचित थरथरले तरी बटण चालू-बंद होत राहत नाही.

बाजारात आर्केडच्या बटणांच्या दोन परंपरा दिसतात. जपानी पद्धतीच्या बटणांना, ज्यांत सानवा कंपनीचे ओबीएसएफ-३० हे मॉडेल सर्वांत परिचित आहे, ३० मिमीचे भोक लागते आणि ती अगदी हलक्या स्पर्शाने दाबली जातात. अमेरिकन पद्धतीच्या, हॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बटणांचे भोक सव्वा इंचाहून कमी, साधारण २८.६ मिमीचे असते, त्यांचा माथा खोलगट असतो आणि त्यांना जोर अधिक लागतो. वेगाने एकामागून एक बटणे दाबण्याच्या लढाईच्या खेळांसाठी जपानी पद्धत निःसंशय सरस आहे. लहान मुले तळहाताने बटणे बडवणार असतील, तर मात्र अमेरिकन बटणेच टिकतात.

खरी अडचण सुताराच्या टेबलावर येते. ओबीएसएफ-३० हे बटण बाजूच्या दोन लवचीक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी फळीत अडकते आणि ही पकड साधारण २ ते ४ मिमी जाडीच्या पत्र्यावर किंवा ॲक्रिलिकवरच नीट बसते. १८ मिमीच्या प्लायवूडमध्ये त्या पट्ट्या उघडतच नाहीत आणि बटण दाबताना डुगडुगते. जाड प्लायच वापरायचा असेल तर लांब आट्याचे, मागून नटाने आवळायचे अमेरिकन बटण योग्य. अन्यथा वर ३ मिमीची ॲक्रिलिकची शीट आणि खाली मधला भाग कापून काढलेला प्लाय अशी जोडी करावी. शिवाय फर्निचर करणाऱ्या सुताराकडे ‘ऑटो हिंज’ बसवण्याचे ३५ मिमीचे बिट हमखास असते, आणि त्याने पाडलेल्या भोकातून ३० मिमीचे बटण निसटते, म्हणून ३० मिमीचे होल सॉ वेगळे मागवावे लागते.

आर्केडखेरीज इतर प्रयोगांत सर्वाधिक वापरले जाते ते टॅक्ट स्विच, म्हणजे ६ मिमी चौरस आकाराचे चार पायांचे छोटे बटण. त्याच्या चार पायांपैकी दोन-दोन आतून कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे ब्रेडबोर्डवर ते चुकीच्या दिशेने बसवले की सर्किटला बटण सतत दाबलेलेच आहे असे वाटते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील, म्हणजे कर्णावरचे दोन पाय वापरले तर ही चूक होऊच शकत नाही. या बटणाची क्षमता सामान्यतः १२ व्होल्टला ५० मिलिअँपिअर एवढीच असते, म्हणून घरातील २३० व्होल्टच्या तारेशी त्याचा थेट संबंध कधीही येऊ देऊ नये. साध्या टॅक्ट स्विचचे आयुष्य सुमारे एक लाख दाबांचे धरले जाते. खेळात मिनिटाला ५० वेळा बटण दाबले जात असेल तर तासाला ३,००० दाब होतात आणि तो लाख जेमतेम ३३ तासांत संपतो. एक कोटी दाबांसाठी बनवलेला मायक्रोस्विच त्याच हिशेबाने तीन हजारांहून अधिक तास चालतो, आणि तेथे दोन्हींच्या किमतीतला फरक गौण ठरतो.

वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतील कारखान्यांच्या पॅनेलवर दिसणारी, सुमारे २२ मिमी भोकाची औद्योगिक बटणे खेळासाठी जड पडतात, पण सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारख्या प्रकल्पाला तीच योग्य असतात. त्यांतील हिरव्या ‘स्टार्ट’ बटणाचा संपर्क एनओ, म्हणजे एरवी उघडा आणि दाबल्यावर जुळणारा असतो, तर लाल ‘स्टॉप’चा एनसी, म्हणजे एरवी जुळलेला आणि दाबल्यावर तुटणारा, त्यामुळे ‘स्टॉप’ची तार उंदराने कुरतडली तरी पंप आपोआप बंद पडतो. ही दोन बटणे अदलाबदल करून जोडणे धोक्याचे आहे.

कोकण किनारपट्टीच्या दमट हवेमुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आर्डुइनोसारख्या बोर्डाची कळ वाचणारी पिन मोकळी सोडली तर तिच्यावर कोणताही भटका व्होल्टेज येतो, म्हणून ती पुल-अप नावाच्या रोधाने धन टोकाशी बांधलेली असते आणि बटण दाबल्यावर ती ऋण टोकाशी जोडली जाते. आर्डुइनो उनोच्या चिपमधला अंतर्गत पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असल्याने ५ व्होल्टला बटणातून फार तर पाव मिलिअँपिअर जातो. मोठ्या प्रवाहासाठी बनवलेल्या चांदीच्या संपर्कांवर पावसाळ्यात चढलेला काळसर थर एवढ्या क्षीण प्रवाहाने भेदला जातोच असे नाही, आणि बटण मधूनच दाद देत नाही. सोन्याचा मुलामा असलेला संपर्क हा उत्तम उपाय. तो न मिळाल्यास बाहेरून १ किलोओहमचा रोध लावून प्रवाह ५ मिलिअँपिअरपर्यंत वाढवावा.

संपर्क जुळताना काही मिलिसेकंद उसळतातही, त्यामुळे एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. प्रोग्रॅमने ५ मिलिसेकंद थांबून खात्री केली की हा दोष जातो. बहुतेक खेळांचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्राला जवळजवळ १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात हा विलंब खेळणाऱ्याला जाणवत नाही. पन्नास मिलिसेकंद थांबणारे प्रोग्रॅम मात्र तीन चित्रे वाया घालवतात, आणि दोष विनाकारण बटणाच्या माथी येतो.

खरेदीसाठी या पट्ट्यातील मंडळी अजूनही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. ऑनलाइन मागवण्यापेक्षा ही पायपीट एका कारणासाठी योग्य आहे: जपानी बटणांच्या हुबेहूब नकला चित्रात ओळखता येत नाहीत, हातात ओळखता येतात. बटण मधोमध न दाबता कडेला दाबून पाहावे. हलक्या प्रतीचे बटण तेथे अडकते. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून बटण अतिशय सावकाश दाबावे आणि सोडावे. आवाज तुटक आला तर ते बाजूला ठेवावे. शेवटी मागची टोके मोजून घ्यावीत, कारण जपानी बटणांना २.८ मिमीचे लग, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे जोड, लागतात, अमेरिकन मायक्रोस्विचना बहुधा ४.८ मिमीचे, आणि तारांचा संच त्या मापाचा नसेल तर प्रत्येक टोक सोल्डर करत बसावे लागते.