कोठारात सापडलेला चित्रपट

१९७१ साल. पंच्याहत्तर वर्षांचे दिग्दर्शक तेइनोसुके किनुगासा घरच्या कोठारातली जुनी अडगळ उपसत होते. तिच्यातून फिल्मची रिळं निघाली. ‘कुरुत्ता इप्पेजी’! १९२६ साली स्वतः काढलेला आणि कायमचा गेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला मूकपट. त्या काळची नायट्रेट फिल्म नुसती ठेवून दिली तरी सडते, ठिणगी पडली तर भडकते. ही पंचेचाळीस वर्षं तगली होती.

किनुगासा मूळचे नट, तेही स्त्रीभूमिका करणारे. पडद्यावर नट्या येऊ लागल्या आणि ते दिग्दर्शनाकडे वळले. तरुण लेखक यासुनारी कावाबाता या मूकपटाच्या कथेसाठी बरोबर होते. त्यांना नोबेल मिळायला अजून बेचाळीस वर्षं होती. पैशांची चणचण इतकी, की मासाओ इनोउए यांच्यासारख्या नामवंत नटाने बिदागी घेतली नाही. दिवे अपुरे पडले, तेव्हा सेटच्या भिंतींना चंदेरी रंग फासून उजेड वाढवला.

मनोरुग्णालयात कोंडलेल्या बायकोजवळ राहता यावं म्हणून तिथेच झाडलोट करणारा नवरा, एवढीच गोष्ट. पण सुरुवात बघा. मुसळधार पाऊस, भल्यामोठ्या फिरत्या गोलापुढे झगमगत्या पोशाखात नाचणारी नर्तकी. आणि क्षणात तीच बाई गजांआड, फाटक्या कपड्यांत नाचताना दिसते. शेवटाकडे तो नवरा मनातल्या मनात रुग्णांच्या चेहऱ्यांवर जपानी ‘नो’ नाट्यातले हसरे मुखवटे चढवतो. तिथे मला दर वेळी भरून येतं.

जगाला किनुगासा ठाऊक होते ते १९५४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या रंगीत ‘जिगोकुमोन’मुळे. त्या देखण्या चित्रपटापेक्षा हा मूकपट कितीतरी धीट आहे, असं माझं ठाम मत आहे. रिळं सापडली नसती, तर विशीतल्या जपानी सिनेमाची ही झेप आपल्याला ऐकूनच माहीत असती.

किनुगासांनी सापडलेल्या मूकपटाला नवं संगीत देऊन तो पुन्हा लोकांसमोर आणला. इनोउए तोवर हयात नव्हते. छायाचित्रणात मदत केलेले आणि पुढे ‘गोजिरा’ या चित्रपटामुळे गाजलेले एइजी त्सुबुराया रिळं सापडण्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. चित्रपटात एकही पाटी नाही. १९२६ साली पडद्याशेजारी उभा राहून बेन्शी कथा सांगायचा. आज प्रेक्षकाला ती आपली आपण जुळवावी लागते. त्यातून मूळ लांबीचा काही भाग अजूनही गायबच आहे.